तार की दोर, वैशू?

वैशू,

चिखलात गेली असतीस, नाल्याच्या पुरात गेली असतीस, डोंगराकडच्या त्या आंधळ्या वळणावर गेली असतीस, तर मला निदान काही समजलं असतं. तशा बातमीची तयारी मी मनात कधीची करून ठेवली होती. तू जीप घेऊन निघालीस आणि आभाळ भरून आलं, की मी ती पुन्हा पुन्हा करायचे. पण तू आपल्या अंगणात गेलीस. कोरड्या सिमेंटवर, सकाळी, चहा पिताना. तुझ्या भावानं नुकतंच झाडलेलं अंगण होतं. काडीसुद्धा नव्हती तिथे.

तू जीपच्या पुढच्या बंपरला टेकून उभी होतीस. बंपरवर नवी कोरी विंच, रुतलेली गाडी ओढून काढणारी. एक हात तिच्यावर, एका हातात कप. आपलं भांडण चालू होतं. विंचेवर आलेली लोखंडी तार काढून तुला दोर बसवायचा होता आणि मला तार ठेवायची होती. मी म्हटलं, "आपल्या इकडे गोटे हायेत. दोर कापून जाईन." तू म्हणालीस, "वहिनी, तुले एकदा धरलेलं सोडताच येत नाही," आणि हसलीस. मग कपाळाला हात लावलास. "डोकं लय ठणकून राह्यलं वो वहिनी." कप खाली ठेवायला वाकलीस, ती वाकलीसच.

कप नीट ठेवला होतास. चहा सांडला नव्हता. वैशू, मी अजून त्या कपाशीच अडकून बसले आहे. ज्या माणसाला कप नीट ठेवता येतो ते माणूस मरतं कसं?

वाशिमच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूतली शीर फुटली, कोणाच्या हातात काही नव्हतं. मी मान हलवली. घरी येऊन तुझ्या मायला तेच शब्द सांगितले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ते घरी येते कधी?"

तुला नेऊन आलो त्या दिवसापासून घरात कोणी रडलेलं नाही. मेडशीतून, रिसोडहून माणसं येतात, गळ्यात पडतात, रडतात आणि जातात. आम्ही घरातली तिघं कोरडी. मी चहा करते. अशोक, तुझा भाऊ, आल्यागेल्याला खुर्च्या देतो. माय भिंतीला पाठ लावून बसते आणि अंगणातल्या जीपकडे बघते. शेजारची बाई मला म्हणाली, "तुमी लय खंबीर हायेत." मी खंबीर नाही गं. मला अजून कळलेलंच नाही.

सासर सोडून तू परत आलीस तेव्हा मी या घरात नवी होते. नणंद कायमची आली म्हणून माझ्या माहेरी काळजीची कुजबुज झाली. आणि तू काय केलंस, तर सरकारी लिलावातून एक जुनी जीप घेऊन आलीस. चारही चाकांना ओढ असलेली, पत्रा सडलेली, हिरवा रंग पोपडे धरलेला. गावात सगळे म्हणाले, बाई माणूस आणि जीप? तू म्हणायचीस, "गाडीले काय माईत, बसलं कोन हाये ते." जिथे एसटी थांबते तिथून पुढे तुझी गाडी सुरू व्हायची. डोंगराकडच्या वस्त्यांवर बियाण्याच्या थैल्या तू पोचवल्यास, तिकडून तुरीची पोती आणलीस, नवऱ्या नेल्यास, आजारी माणसं आणलीस. बाई पेशंट असली की अंगणवाडी सुटल्यावर मी तुझ्या शेजारी बसायचे. नणंद-भावजयीचं कधी पटत नाही म्हणतात. आपलं तर रोजच पटत नव्हतं, पण ते गाडीत बसून पटत नव्हतं, एवढाच फरक.

ती दम्याची म्हातारी आठवते? गेल्या पावसाळ्यात तिला घेऊन येताना पांदणीत, शेतातल्या त्या वाटेवर, आपली जीप रुतली. काळी माती, वरून पाणी, चारही चाकं जागच्या जागी गरगर. तू खाली उतरलीस आणि कमरेएवढ्या गाऱ्यात, त्या चिकट चिखलात, उभी राहून फावड्यानं चाकं मोकळी करायला लागलीस. एक चाक मोकळं केलं की दुसरं खाली जायचं. ट्रॅक्टर येईपर्यंत आपण तिथेच. म्हातारी मागे बसून धापा टाकत म्हणाली, "माहा दम निंघून राह्यला अन् तुमची गाडी निंघून नाही राह्यली!" आपण दोघी हसलो. दवाखान्यात पोचल्यावर तिला हवा लावली, तिच्या ओठांचा रंग परत आला, आणि तू बाहेर येऊन पायरीवर बसलीस. इतकी दमलेली मी तुला पहिल्यांदा पाहिलं. अंगावरचा चिखल वाळून तडकला होता.

"वहिनी," तू म्हणालीस, "आता विंच पायजे."

घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा माय घाबरली. "गाडीले विंचू कायले बसोतं?" अशोकला हसू आवरेना. तू मायला समोर बसवून समजावलंस, की बंपरवर एक ढोल बसतो, त्यावर तार गुंडाळलेली असते, तार झाडाला बांधायची, बटण दाबायचं, ढोल फिरतो आणि गाडी स्वतःच स्वतःला चिखलातून ओढून काढते. मायनं विचार केला. "म्हंजे विहिरीवरचा रहाटच की," म्हणाली. "मंग असं सांग ना."

त्यानंतर कितीतरी महिने घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना तुझ्या मोबाईलवर कुठल्यातरी देशातल्या गाड्या चिखलातून निघत असायच्या. अशोकचं म्हणणं, हातानं चालवायची विंच घे. बॅटरी नको, वायर नको, बिघडायला काही नाही. तू म्हणालीस, "दादा, मांगं पेशंट घामाघूम अन् मी समोर हँडल मारत बसू?" मग गिअरबॉक्समधून ताकद घेणाऱ्या विंचेचा विचार झाला. ती दमत नाही, पण इंजिन चालू हवं. नाल्यात इंजिन बंद पडलं तर काय? शेवटी विजेवरची ठरली. त्यासाठी मोठी बॅटरी बसवायची, आणि विंचेला मधूनमधून थांबू द्यायचं, नाहीतर मोटर जळते, हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की मी अंगणवाडीतल्या मुलांनाही सांगितलं असतं.

किती ताकदीची घ्यायची, हे ठरवायला तू आम्हा सगळ्यांना रिसोडला धरमकाट्यावर नेलंस. बाजाराचा दिवस होता. सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, आणि त्या रांगेत आपली जीप. आत माय, अशोक, मी, डिझेलचा डबा, स्टेपनी, फावडी, आणि मागे खताच्या थैल्या. काट्यावरच्या माणसानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "माल काय हाये?"

"हाच माल हाये," तू म्हणालीस आणि आमच्याकडे बोट दाखवलंस.

"अन् विकाचा कुठं?"

माय आतून ओरडली, "मले कोनी घेत नाही बाप्पा, मी जुनी हावो!"

सगळी रांग हसली. तू मात्र वजन पाहून गंभीर झालीस. परत येताना समजावत होतीस, की भरल्या गाडीच्या दीडपट तरी ओढ पाहिजे. आणि चाक बुडालं असेल तर ती दीडपटही कमी पडते, कारण गारा गाडी धरून ठेवतो. "त्या गाऱ्याचंबी वजन धरा लागते, वहिनी. ते काट्यावर येत नाही." मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. आज तुझा आवाज आठवायला बसले की नेमकं हेच वाक्य ऐकू येतं. हेच का, ते माहीत नाही.

बाकी सगळ्यावर आपलं एकमत झालं. अडलं ते तारेवर.

तुला दोर हवा होता, तो नवा, प्लास्टिकच्या धाग्यांचा. हलका, एका हातात धरून चिखलातून पलीकडे नेता येईल असा. आणि मुख्य म्हणजे तुटला तर जागेवर गळून पडेल असा. लहानपणी शेजारच्या वावरात विहीर खोदताना तू माती-दगड उपसणाऱ्या यारीची तार तुटलेली पाहिली होतीस. ताणलेली तार सुटून आली आणि काठावर उभ्या असलेल्या माणसाचा हात गेला. तू ती गोष्ट फार सांगायची नाहीस. एकदाच म्हणालीस, "तार तुटली का मानूस पाहात नाही, वहिनी."

मी म्हणायचे, तुटेल कशाला? आपल्याकडे नाल्यानाल्यात दगड, फुटक्या रपट्यांच्या, नाल्यावरच्या त्या बुटक्या पुलांच्या, कडा. त्यावर दोर घासला की धागा धागा होईल. उन्हानं कुजेल. चिखलातली रेती आत शिरून आतून खाईल. तार घासली तरी तार राहते. तू मला व्हिडिओ दाखवायचीस, मी तुला नाल्यातले दगड दाखवायचे.

माझ्या हट्टामागचं खरं कारण मी तुला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलंच नाही, आपण दोघी असणारच होतो. मला डोळ्यांसमोर नेहमी तूच दिसायचीस, कमरेएवढ्या चिखलात, पाणी वाढतंय, आणि तुझ्या गाडीला बांधलेला तो धागा. मला तो धागा नको होता. मला लोखंड हवं होतं. कोणत्याही नाल्यातून तुला ओढून घरी आणेल असं काहीतरी जाड, काळं, माझ्या डोळ्यांना दिसणारं. तू माणसाचा हात वाचवायला बघत होतीस आणि मी तुला. एवढंच होतं ते भांडण.

विंच आली ती तार गुंडाळूनच आली. रिसोडला बसवून घेतलीस, घरी आणलीस, माझ्याकडे बघून म्हणालीस, "सद्या राहू दे तुही तार. दोर मांगवतो मी." मग शेताच्या धुऱ्यावरच्या कडुनिंबाला पट्टा लावून मला सगळं करून दाखवलंस. झाडाला नुसती तार गुंडाळायची नाही, झाड कापतं, म्हणून पट्टा. ओढ दुप्पट करायला मध्ये कप्पी. ताणलेल्या तारेवर वाकळ टाकायची, म्हणजे तुटली तरी उडणार नाही. तारेच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. मी मुद्दाम कंटाळल्यासारखं दाखवत होते, कारण तू फार मास्तरीण झाली होतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा. आणि तो कप.

आता त्या दुपारचं सांगते, जे तुला सांगायलाच मी लिहायला बसले.

तुझी राख सावडून आम्ही घरी आलो होतो. अंगणात सतरंजीवर माणसं बसलेली. तुझा फोन माझ्या पर्समध्ये होता. तो अधूनमधून वाजायचा आणि मी वाजू द्यायचे. त्या दुपारी तो बंद होईना. बंद झाला की लगेच पुन्हा. शेवटी मी आत जाऊन उचलला.

मी हॅलो म्हणायच्या आत पलीकडून माणूस बोलायला लागला. "ताई, गोपाल बोलून राह्यलो, डोंगरावरचा. माह्या बायकोले पान लागलं ताई, निंदता निंदता. पिकअपमधी टाकून आनून राह्यलो तं गाडी नाल्यात फसली. पानी वाढून राह्यलं. ताई, ये ना लवकर!"

पान लागलं म्हणजे साप चावला. सोयाबीन निंदताना, हातालाच चावला असणार. मी काहीतरी बोलायला हवं होतं. गोपाल, ताई गेली, असं. तोंड उघडलं आणि निघालं, "निंघाली मी."

बाहेर येऊन अशोकला सांगितलं. सतरंजीवरचे चुलतसासरे म्हणाले, "सूनबाई, आज घरातून कोनी बाहेर पडत नसते. दुसऱ्या कोनाले तरी सांगा." दोघातिघांनी माना हलवल्या. ते वाईट बोलत नव्हते. मीसुद्धा क्षणभर थांबले.

भिंतीपासून मायचा आवाज आला. "फोन कोनाले आला?"

मी म्हटलं, "वैशूले."

"गाडी कोनाची हाये?"

"वैशूची."

"मंग बसल्या काहून? जा."

जीप मी चालवली. तूच मोकळ्या बरडावर शिकवली होतीस, पण पांदणीत तू मला कधी चालवू दिली नाहीस. सीट तुझ्या उंचीला लावलेली, माझे पाय क्लचला जेमतेम पुरत होते. अशोक शेजारी, मांडीवर घरातली वाकळ.

नाल्याच्या अलीकडच्या चढावर पोचलो तेव्हा पलीकडून ओरडा ऐकू आला. "आली! वैशालीताई आली!" त्यांना लांबून जीपचं तोंडच दिसत होतं गं. हिरवा पत्रा दिसला आणि माणसं हात वर करून नाचायला लागली. अशोकनं मान खाली घातली.

पिकअप नाल्याच्या मधोमध, एका अंगाला कललेली, मागची चाकं पूर्ण बुडालेली. मागे ताडपत्रीवर ती पोरगी, गोपालची बायको रेखा, डोकं सासूच्या मांडीवर. दोघांनी तिला उचलून आणायचा प्रयत्न करून पाहिला होता. मांडीपर्यंत रुतले आणि पडता पडता वाचले. वर डोंगरात पाऊस झालेला, पाणी तांबडं, आणि हळूहळू चढत होतं.

मी उतरले तेव्हा गोपाल पाण्यातून धडपडत आमच्या काठाला आला. माझ्याकडे बघितलं, मग गाडीच्या आत बघितलं. "ताई कुठं हाये?"

"ते नाही आली," मी म्हटलं. "तू हुक धर."

त्यानं धरला.

मुरमावर, जिथे जमीन घट्ट होती, तिथे जीप उभी केली. अशोकनं मागून ती काठावरच्या एका कडुनिंबाला पट्ट्यानं बांधली, नाहीतर पिकअप बाहेर यायच्या ऐवजी जीपच नाल्यात गेली असती. आणि मग तार सोडायला लागलो. वैशू, ती तार किती जड आहे! गोपाल खांद्यावर घेऊन चिखलात शिरला तर तारेच्या ओझ्यानंच खाली जायला लागला. दुसरा माणूस मदतीला आला, तोही अडखळला. तुझा दोर असता तर त्यानं तो दातात धरून नेला असता. मी काठावर उभी राहून हे स्वतःशी कबूल करत होते आणि रेखाची सासू पिकअपमधून ओरडत होती, "झोपू देऊ नोका म्हनते ना, हे डोळे मिटून राह्यली!"

हुक लागला. वाकळ तारेवर टाकली. सगळ्यांना बाजूला हाकललं. गोपाल हटेना, पिकअपच्या दाराला धरून उभा. मी ओरडले, "तारेसमोरून हट! हट म्हनते ना!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

बटण दाबलं. तार ताणली, कुरकुरली. आधी काहीच झालं नाही. जीप पुढे सरकली आणि मागच्या पट्ट्यानं तिला धरलं. मग गाऱ्यातून मोठा आवाज आला, पाय उपसताना येतो तसा, आणि पिकअप हातभर पुढे आली. मी थांबले. मोटरला दम घेऊ दिला. ते थांबणं फार कठीण होतं. सगळे ओरडत होते, "थांबल्या काहून? ओढा!" मी बटणावरून बोट काढून उभी.

पुन्हा दाबलं. तार फुटक्या रपट्याच्या धारदार कडेवर चढली आणि त्यावरून घासायला लागली, दगडाचा भुगा उडत होता. एक बारीक पदर तटकन तुटला, वाकळ हलली. अशोक मागून ओरडला, "वैशे, हळू!"

त्यानं मला तुझ्या नावानं हाक मारली. त्याच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही. मी हळू केलं.

तार टिकली. पिकअप बाहेर आली, चिखलानं माखलेली, एक आरसा तुटलेली. ड्रायव्हरनं पहिल्या झटक्यात इंजिन चालू केलं. मी ताडपत्रीवर वाकून रेखाचा हात पाहिला, सुजून कोपरापर्यंत आला होता, पण तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "हलवू नोका तिचा हात," एवढं सांगितलं. गोपालनं मागे उडी मारली, गाडी निघाली, आणि जाता जाता त्यानं जीपला हात जोडले. मला नाही, जीपला. "ताईले सांगजा," तो ओरडला, "मी येतो भेटाले!"

ते गेले. आम्ही दोघं तार गुंडाळत राहिलो. ती घासलेली जागा हाताला लागली आणि मी वळले. खरंच वळले, वैशू. तुला दाखवायला. पाहिलं का, दोर असता तर इथेच तुटला असता, असं म्हणायला. आणि तू लगेच म्हणाली असतीस, अन् तुही तार नेता नेता दोन मानसं बुडत होते ते? सगळं भांडण माझ्या तोंडात तयार होतं, तुझ्या बाजूचंसुद्धा. समोर फक्त अशोक होता, वाकळ पिळत.

घरी आल्यावर मायनं विचारलं, "निंघाली का?" मी म्हटलं, निघाली. ती पुन्हा भिंतीला टेकली. चुलतसासऱ्यांनी स्वतः उठून मला पाणी आणून दिलं. संध्याकाळी वाशिमहून कोणाचा तरी फोन आला, पोरगी धोक्याबाहेर आहे. मला आनंद व्हायला हवा होता. मी ऐकलं आणि चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोपाल आला. दवाखान्यातून थेट, त्याच चिखलाच्या कपड्यांत. फाटकातूनच हसत ओरडला, "ताई! ओ ताई! वाचली तुही वहिनी!" तुझ्याशी त्याचं असं भावाचं नातं होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. दोन पावलं आत आला आणि थांबला. ओसरीवर तुझा फोटो होता, हार घातलेला. समोर मेणबत्त्या.

त्यानं फोटोकडे पाहिलं. मग जीपकडे. मग माझ्याकडे.

"कवा?" तो म्हणाला.

मी सांगितलं.

"म्हंजे काल... काल तुमी आले तवा?"

मी मान हलवली.

"वहिनी, तुमी मले सांगतलं काहून नाही?"

मी म्हटलं, "सांगतलं असतं तं तू हुक धरला नसता."

जीपच्या चाकापाशी, जिथे तू पडलीस तिथे, तो मटकन खाली बसला आणि रडायला लागला. लहान मुलासारखा, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. शेजारची माणसं बाहेर आली. अशोक त्याला उठवायला गेला, "गोपाल, अरे, ऊठ," म्हणाला, आणि त्याचाच आवाज फाटला. मी दाराला धरून उभी होते.

तेवढ्यात माय भिंतीपासून उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आपली आपण. हळूहळू ओसरी उतरली, अंगणात आली, त्याच्याजवळ जमिनीवर बसली. त्यानं घाईघाईनं डोळे पुसले, म्हणाला, "माय, मी... माफ करजा माय."

मायनं त्याच्या चिखलानं भरलेल्या डोक्यावर हात ठेवला.

"रड, बाबू," ती म्हणाली. "तू रड. आमच्याच्यानं होऊन नाही राह्यलं."